दुसऱ्या महिन्यातला वल्हांडण

गेल्या प्रायश्चित्तकाळात एका साधना शिबिराला जाण्याचा योग आला. प्रवचनकार तरुण होते, अभ्यासू होते आणि त्यांच्या वाणीत धग होती. बोलता बोलता ते २०२० आणि २०२१ या दोन वर्षांकडे वळले आणि आवाज चढवून म्हणाले, "त्या दोन वर्षांत ख्रिस्तसभेने घाबरून दारे लावून घेतली. पुनरुत्थानाचा सण आपण रद्द केला. पुन्हा तशी वेळ आली, तर आम्ही दारे लावणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या धर्मग्रामातील काही मंडळीही होती. मी टाळी वाजवली नाही. परंतु उठून दोन शब्द बोललोही नाही. तो न बोललेला शब्द मी काटोलला परत घेऊन आलो. तेव्हापासून तो मनात घर करून बसला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न सरळ आहे. गावोगावी साथ पसरली आहे आणि सण तोंडावर आला आहे. मुलांनी सुट्या घेतल्या आहेत, गाड्यांची आरक्षणे झाली आहेत, घरी आई-वडील वाट पाहत आहेत. अशा वेळी बेत मोडावा की पार पाडावा? शिबिरातील उत्तर असे की, पार पाडावा. मागे हटणे म्हणजे श्रद्धेचा पराभव. याच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळीच मंडळी आहेत. त्यांचे म्हणणे, सण म्हणजे शेवटी एक सुटी. यंदा नाही तर पुढल्या वर्षी. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे पवित्र शास्त्र न उघडताच दिलेली आहेत. कारण हा प्रश्न आपल्यापुढे प्रथम आलेला नाही. तो मोशेपुढे आला होता आणि त्याचे उत्तर लिहून ठेवलेले आहे.

पहिला सण बंद दाराआड

आपला पुनरुत्थानाचा सण ज्या वल्हांडणाच्या मुळावर उभा आहे, तो पहिला वल्हांडण कोठे साजरा झाला? निर्गम ग्रंथाचा बारावा अध्याय वाचावा. त्या रात्री मिसर देशातून मृत्यू फिरत होता. इस्राएल लोकांना आज्ञा झाली की, घरोघरी कोकरू मारावे, त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावावे आणि सकाळ होईपर्यंत कोणीही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नये. घर लहान असेल आणि एक कोकरू संपणार नसेल, तर शेजारच्या घराला सामील करून घ्यावे. बस्स, एवढाच काय तो मेळावा! त्या रात्री मंदिर नव्हते, मिरवणूक नव्हती, जमाव नव्हता. आपल्या तारणाचा इतिहास बंद दाराआड सुरू झाला आहे. लावलेले दार म्हणजे श्रद्धेचा पराभव असे ज्यांना वाटते, त्यांनी हा अध्याय बायबलमधून फाडून काढण्याची तयारी ठेवावी.

यहुदी बांधवांनी ही घरगुती ठेवण आजतागायत जपली आहे. दूर कशाला, आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाज पाहा. मराठी ही त्यांची मायबोली. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारचा विसावा यांमुळे गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या जुन्या पिढ्या वल्हांडणाला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत असत. आंबट सार ठेवण्याचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवायचे, यावरून ते नाव पडले. सणाचे नावच मुळी स्वयंपाकघरातून आलेले!

२०२० साली ८ एप्रिलच्या संध्याकाळी वल्हांडण सुरू झाला, तेव्हा २५ मार्चपासून सारा भारत टाळेबंदीत होता. मुंबई-ठाण्यातील असोत की अलिबागच्या इस्रायल आळीतील असोत, आपल्या मराठी यहुदी बांधवांनाही तो सण आपापल्या घरातच करावा लागला. खुद्द इस्रायलच्या सरकारने त्या दिवसांत एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यास बंदी केली आणि सणाच्या रात्री संचारबंदी पुकारली. ज्या रात्री आजोबांच्या भोवती नातवंडे बसायची आणि धाकट्याने प्रश्न विचारायचे, त्या रात्री आजोबा एकटे जेवले. तेथील धर्मगुरूंमध्ये वाद झाला, नाही असे नाही. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या परंपरेच्या काही रब्बींनी एकाकी वृद्धांसाठी पडद्यावरून कुटुंबाशी जोडून घेण्यास मुभा दिली. इतरांनी सणाच्या दिवशी यंत्र वापरणे शास्त्राला धरून नाही म्हणून तिला कडाडून विरोध केला. पण वाद कशावरून झाला, हे ध्यानात घ्यावे. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याची सोबत कशी करावी, यावरून तो होता. सामान बांधून त्याच्या घरी जावे काय, यावर नव्हता.

ज्यांना प्रेताचा विटाळ झाला

आता गणना ग्रंथाचा नववा अध्याय. सीनायच्या रानात वल्हांडणाचा दिवस उगवला आणि काही माणसे मोशेपुढे येऊन उभी राहिली. त्यांना प्रेताचा विटाळ झाला होता, म्हणून सणात भाग घेता येत नव्हता. त्यांचे गाऱ्हाणे असे की, आम्ही मेलेल्याला शिवलो, एवढ्यावरून आम्ही सणापासून वंचित का राहावे? मोशेने त्यांना हाकलले नाही. "नियम म्हणजे नियम" असे म्हटले नाही आणि "चालेल, या आत" असेही म्हटले नाही. थांबा, परमेश्वर काय म्हणतो ते ऐकतो, असे त्याने सांगितले. उत्तर आले ते असे : जो प्रेतामुळे अशुद्ध आहे किंवा दूरच्या प्रवासात आहे, त्याने दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी हाच सण करावा. तीच बेखमीर भाकर, तीच कडू भाजी, तेच कोकरू. मात्र जो शुद्ध आहे, प्रवासातही नाही आणि तरीही सण टाळतो, त्याला क्षमा नाही.

पुढे हिज्कीया राजाच्या काळात सगळ्या राष्ट्राचाच वल्हांडण असा महिनाभर पुढे गेला. याजक पुरेसे शुद्ध झालेले नव्हते आणि लोक यरुशलेमेत जमलेले नव्हते. राजाने जासूद पाठवले, तेव्हा गावोगावी त्यांची टवाळी झाली, असे दुसऱ्या इतिहासात लिहिले आहे. सण पुढे ढकलणाऱ्यांची टवाळी करणारे तेव्हाही होते, याचे मला तरी नवल वाटत नाही. पण त्याच अध्यायात पुढे लिहिले आहे की, परमेश्वराने त्या लोकांना बरे केले.

या दोन उताऱ्यांतून माझ्या अल्पमतीला जे दिसते ते असे. संकटसमयी सणाचा मेळावा थांबवता येतो. तो थांबवणे पाप नाही, कित्येकदा तेच कर्तव्य आहे. पण सण रद्द करता येत नाही. थांबवणाऱ्याच्या माथ्यावर एक ऋण चढते आणि दुसऱ्या तारखेला ते फेडावे लागते. विशेष म्हणजे ही दुसरी तारीख आधी कोणासाठी मुक्रर झाली? मेलेल्याला ज्यांनी खांदा दिला, त्यांच्यासाठी.

आपल्या ख्रिस्तसभेने हे ओळखले नव्हते असे नाही. मार्च २०२० मध्ये रोमहून उपासनाविधी विभागाचे जे आदेशपत्र निघाले, त्यात स्पष्ट म्हटले होते की, पुनरुत्थानाचा सण हा सर्व उपासनावर्षाचा गाभा असल्यामुळे तो हलवता येणार नाही. धर्मगुरूंनी तो लोकांविना साजरा करावा. परंतु पवित्र सप्ताहातील मिरवणुका आणि लोकभक्तीचे विधी बिशपांच्या संमतीने पुढे घेता येतील. त्यासाठी १४ आणि १५ सप्टेंबर हे दिवस उदाहरणादाखल सुचवलेही होते. एक पवित्र क्रूसाच्या गौरवाचा आणि दुसरा दुःखी मातेचा. म्हणजे दुसऱ्या महिन्यातला वल्हांडण आम्हांला दिला गेला होता! पण सप्टेंबर २०२० उजाडला, तेव्हा आमच्या नागपूर जिल्ह्यात साथ ऐन भरात होती आणि राज्यातील प्रार्थनास्थळे बंद होती. ती १६ नोव्हेंबरला उघडली. तोवर त्या तारखेची आठवण कोणाला राहिली होती? शिबिरातील प्रवचनकारांनाही ती नव्हती.

शौर्य कोणाच्या जिवावर?

"पण फादर, संतांनी साथीला भिऊन दारे लावली होती काय?" असे मला विचारले जाते. संत अलोयसियस गोन्झागा १५९१ साली रोममध्ये साथीच्या रुग्णांची सेवा करता करता तेविसाव्या वर्षी गेले. फादर डेमियन मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांबरोबर राहिले आणि १८८९ साली त्याच रोगाने मरण पावले. आपल्या पुण्यात सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना गेल्या. या सर्वांनी काय केले? निरोगी माणसांना एका छताखाली गोळा केले नाही. ते स्वतः उठून रुग्णाकडे गेले. त्यांनी पणाला लावला तो स्वतःचा जीव. दुसऱ्याचा जीव पणाला लावून स्वतः शूर म्हणवून घेणे हा प्रकार वेगळा आहे आणि त्याचे नाव हौतात्म्य नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देवदूत तुला झेलतील, असे प्रभूला सांगणारा कोण होता, हे मत्तयच्या चौथ्या अध्यायात आहे. त्यानेही शास्त्राचाच आधार दिला होता.

"पूर्वी तर साथ आली की मिरवणुका निघत!" हेही खरे. ५९० साली रोममध्ये प्लेग असताना महान ग्रेगरींनी पश्चात्तापाची मिरवणूक काढली. तूर येथील ग्रेगरी हा इतिहासकार त्यांचा समकालीन आणि श्रद्धाळू बिशप. त्याने नमूद केले आहे की, त्या मिरवणुकीत एका तासाच्या आत ऐंशी माणसे कोसळून मेली. रोग कसा पसरतो हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपल्याला ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या अज्ञानाची ढाल आपल्याला वापरता येणार नाही.

संत चार्ल्स बोरोमिओंचे उदाहरण तर दोन्ही बाजूंनी बोलके आहे. १५७६ च्या प्लेगमध्ये मिलानचे हे महागुरुस्वामी गळ्यात दोर घालून अनवाणी मिरवणुकीत चालले. शिबिरांतून एवढेच सांगितले जाते. पण पुढे शहरातील लोकांना घराबाहेर पडण्याची मनाई झाली, तेव्हा याच बोरोमिओंनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या आणि लोकांनी खिडक्यांतून मिस्सा पाहिली. लोकांना वेदीकडे येता येईना, तेव्हा वेदी लोकांकडे गेली. त्यांची मिरवणूक आपण लक्षात ठेवली आणि चौकातल्या वेद्या विसरलो, कारण मिरवणुकीसाठी पाय लागतात आणि चौकातल्या वेदीसाठी डोके.

आणखी एक आक्षेप : "आमच्यावरच अन्याय झाला." मे २०२० मध्ये दारूची दुकाने उघडली आणि देवाची घरे बंद राहिली, इतर अनेक राज्यांत जूनपासून प्रार्थनास्थळे उघडली आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर उजाडला, याचा सल मलाही आहे. ती तक्रार शासनाकडे अवश्य करावी. पण "आमच्यावरच" हा शब्द खोटा आहे. त्या वर्षी आषाढीला लाखो वारकरी घरी राहिले आणि संतांच्या पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरीला गेल्या. आमच्या नागपुरात दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा झाला नाही. बांद्र्याची मोत माउलीची जत्रा भरली नाही. शेजाऱ्याने आपल्यासाठी सोडलेला सण ज्याला दिसत नाही, त्याने छळाची भाषा बोलू नये.

माझा कबुलीजबाब

इथवर मी इतरांशी भांडलो. आता स्वतःशी. कारण २०२० साली आमच्यावर बंदी होती, निर्णय घ्यायचा नव्हता. निर्णयाची वेळ आली ती २०२१ मध्ये.

काटोल हे नागपूरपासून साठेक किलोमीटरवरचे संत्र्याचे गाव. पश्चिमेला वरुड-मोर्शीचा पट्टा, पूर्वेला नागपूर. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूर बंद झाले. १५ मार्चपासून नागपूर शहर बंद झाले. आम्ही दोहोंच्या मध्ये. पवित्र सप्ताहासाठी शासनाच्या सूचना आल्या : मोठ्या चर्चमध्ये पन्नासांपर्यंत माणसे, लहान चर्चमध्ये त्याहून कमी. मी बाके मोजली, खडूने खुणा केल्या, नावे लिहून घेतली. नियम काटेकोर पाळल्याचे मला समाधान होते.

झावळ्यांच्या रविवारनंतर एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. रेल्वेतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, घरामागे संत्र्याची थोडी झाडे. मृग बहाराची शेवटची फळे त्यांनी नातवंडांसाठी झाडावरच राखून ठेवली होती. म्हणाले, "फादर, पोरं सणाले येतो म्हणून राह्यले. येऊ देऊ का नाही?" त्यांना माझ्याकडून एक शब्द हवा होता. "नको" म्हणा, म्हणजे मी मुलांना सांगेन की फादरांनी नको म्हटले; माझ्यावर राग येणार नाही, मुलांनाही अपराधी वाटणार नाही. हे मला तेव्हाच कळले होते. तरीही मी म्हणालो, "काका, नियम तुम्हांला माहीतच आहेत. प्रार्थना करा आणि देव सुचवील तसे करा." ईस्टरच्या दिवशी घरचे चुलीवर काय शिजवायचे आणि कोणाला बोलवायचे, यात धर्मगुरूने पडू नये, असे मी मनाला सांगितले. खरे कारण असे की, नको म्हणून वाईट होण्याचे मला धैर्य नव्हते.

मुले आली. ४ एप्रिलला ईस्टरची मिस्सा आम्ही खडूच्या खुणांवर बसून केली. मिस्सा संपली आणि घरोघरी पंगती बसल्या. त्याच दिवशी राज्य शासनाने नवे निर्बंध जाहीर केले आणि दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली. ती ऑक्टोबरात उघडली. तीन आठवड्यांनी ते गृहस्थ गेले. थोरला मुलगा स्वतः रुग्णालयात होता, धाकट्याला लांबून पाहावे लागले. मी आणि अंगभर प्लॅस्टिक घातलेले चौघे, एवढ्यांनी त्यांना मातीआड केले. चर्चमधली घंटाही वाजवली नाही. पुढे त्यांची सून मला म्हणाली, "फादर, तुम्ही नाही म्हटलं असतं तर आम्ही आलो नसतो. बाबांनी तुम्हांला विचारलं होतं न?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सोपे गेले असते.

महाराष्ट्राच्या सरकारी दप्तरात या साथीने गेलेल्यांची संख्या सुमारे १ लाख ४८ हजार आहे. त्यांतला हा एक. रोग त्यांना कोठून लागला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित दूधवाल्याकडून, कदाचित माझ्याच हातून. पण त्यांनी प्रश्न मला विचारला होता, आणि मी तो देवावर ढकलला.

म्हणून मला वाटते, आमचे सगळे भांडण चुकीच्या दारापाशी चालले आहे. चर्च उघडे की बंद, यावर आम्ही वर्षानुवर्षे वाद घालतो. पण चर्चमध्ये खुणा होत्या. जेवणाच्या पंगतीला कोणी खुणा केल्या होत्या? श्रद्धेची परीक्षा वेदीपाशी नव्हती, ती घरच्या उंबऱ्यावर होती आणि तेथे आम्ही धर्मगुरू हजर नव्हतो.

ऋण कसे फेडावे?

साथ पुन्हा येणारच नाही, असे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा माझ्या बंधू-धर्मगुरूंपुढे आणि वाचकांपुढे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, "येऊ नका" हा शब्द धर्मगुरूने आधी आणि मोठ्याने उच्चारावा. म्हाताऱ्या बापाला तो उच्चारता येत नाही, मुलांना ऐकवत नाही. वाईटपणा घेणे हा आमच्या पदाचाच भाग आहे. दुसरी, लोकांना येऊ नका म्हणणाऱ्याने स्वतः जावे. दारे लावली, की आमची पायपीट सुरू झाली पाहिजे. खिडकीपर्यंत, अंगणापर्यंत, निदान दूरध्वनीवर रोज. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या देशातील कितीतरी धर्मगुरू आणि धर्मभगिनी असे जाता जाता गेल्या. शौर्याची उदाहरणे हवी असतील, तर ती तेथे शोधावीत. तिसरी, सण थांबवल्याची सूचना फलकावर लागेल, तेव्हा त्याच कागदावर दुसरी तारीखही असावी. निदान ती येणार आहे, असे लेखी वचन असावे.

आणि जे ऋण आधीच थकले आहे त्याचे काय? त्या थोरल्या मुलाला मी अधूनमधून भेटतो. तो नाताळला मिस्सेला येतो. ईस्टरला येत नाही. शिबिरातील प्रवचनकार त्याला श्रद्धेत थंड झालेला म्हणतील. मला त्याच्यात मोशेपुढे उभा राहिलेला तो माणूस दिसतो, आम्ही वंचित का राहावे असे विचारणारा. आम्ही त्याला काहीच उत्तर दिलेले नाही. चर्चची दारे उघडली, तेव्हा आम्ही भिंतींना रंग दिला, आभाराची मिस्सा केली आणि खडूच्या खुणा पुसून टाकल्या.

उलटपक्षी, ज्यांना प्रेताचा विटाळ नाही, प्रवास नाही, तरीही जे तेव्हापासून घरी आरामखुर्चीत बसून भ्रमणध्वनीवर मिस्सा 'ऐकतात', त्यांनी गणना ग्रंथातील तेच वचन शेवटपर्यंत वाचावे. दुसरी तारीख त्यांच्यासाठी नाही.

आमच्या लहानशा धर्मग्रामापुरते मी ठरवले आहे. दरवर्षी १४ सप्टेंबरला, पवित्र क्रूसाच्या सणी, आम्ही क्रूसाची वाट चालणार आहोत. चर्चपासून कबरस्तानापर्यंत. त्या दोन वर्षांत ज्यांना घंटेविना पोचवले, त्यांची नावे एकेक करून वाचायची आणि प्रत्येक नावाला घंटा द्यायची. त्या गृहस्थांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगणार आहे. या वेळी "देव सुचवील तसे करा" म्हणणार नाही. "या" म्हणणार आहे.